सोलापुरात साल्सा शिकायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुळे सोलापुरात मी आणि माझा नवरा गेली काही वर्षं संध्याकाळी साल्साचा वर्ग घेतो आणि महिन्यातल्या एका शनिवारी सोशल ठेवतो. सोशल म्हणजे शिकलेलं मोकळेपणी नाचायची संध्याकाळ. चौकशीच्या फोनवर वेळ, फी, पत्ता आधी विचारला जातो आणि मनातला खरा प्रश्न फोन ठेवता ठेवता येतो. म्हणून इथे तोच आधी घेतला आहे.

अनोळखी माणसाचा हात धरून नाचायचं? लोक काय म्हणतील?

लोक म्हणतात, हे खोटं कशाला सांगू? पहिल्या वर्षी हॉलशेजारच्या एक मावशी खिडकीत उभ्या राहून बघायच्या. एकदा त्यांनी विचारलंच, "बाई, परक्याचा हात धरून नाचायचं म्हणजे काय की!" मी त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली. त्या तासभर बसल्या. दिवे लख्ख लावलेले, दार उघडं, सोळा माणसं दोन रांगांत समोरासमोर, सगळ्यांची नजर स्वतःच्या पावलांवर आणि प्रत्येकाच्या तोंडात एक-दोन-तीन. जाताना म्हणाल्या, "आमच्या शाळेतल्या लेझमीसारखंच की हे." पुढच्या महिन्यात त्यांनी सुनेला पाठवलं.

हात धरण्याची भीती मला क्षुल्लक वाटत नाही. आपल्याकडे सख्खे भाऊबहीणसुद्धा मोठेपणी एकमेकांचा हात धरत नाहीत. म्हणून आमच्या वर्गाचं दार उघडं असतं, आणि आई, सासू, नवरा, मोठा मुलगा, कुणीही येऊन बसलं तरी चालतं. मोबाइलवर चित्रण मात्र ज्याचं त्याला विचारल्याशिवाय नाही. एका मुलीचा वीस सेकंदांचा व्हिडिओ तिला न विचारता कुणीतरी स्टेटसला ठेवला होता. तिला टर्न फार सुंदर जमायचे. ती परत आली नाही. तेव्हापासून हा नियम आम्ही कुणासाठीही मोडत नाही.

एक विनंती: घरी खोटं सांगून येऊ नका. "ट्यूशनला जाते" म्हणून निघालेली मुलगी सगळा वेळ दाराकडे बघत नाचते. अशानं पाय मोकळे होत नाहीत.

साल्सा नक्की कुठला?

मूळ क्यूबाचं. तिथलं 'सोन' नावाचं संगीत, पुढे माम्बो आणि चा-चा-चा, त्यात पोर्तो रिकोचे बोम्बा आणि प्लेना. हे सगळं स्थलांतरितांबरोबर न्यूयॉर्कला पोचलं. १९५०च्या दशकात मॅनहॅटनच्या पॅलेडियम बॉलरूममध्ये माम्बो रंगायचा, तितो पुएन्ते आणि माचितो यांचे वाद्यवृंद तिथे वाजायचे. १९६४ मध्ये जॉनी पाचेको आणि जेरी मासुची यांनी फानिया रेकॉर्ड्स ही कंपनी काढली. तिच्या तबकड्यांमुळे 'साल्सा' हे नाव जगभर गेलं. स्पॅनिशमध्ये साल्सा म्हणजे चटणी, सॉस. शेंगाचटणीच्या गावाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

सेलिया क्रूझचा आवाज एकदा ऐका. ती मध्येच "अझुकार!" म्हणून हाक देते. अझुकार म्हणजे साखर. पहिल्या तासाला आम्ही तिचं गाणं लावतो आणि कुणालाही नाचायला सांगत नाही, नुसतं ऐकायचं.

मला नाचातलं काहीच येत नाही. जमेल का?

चालता येत असेल तर जमेल. बेसिक म्हणजे एक पाऊल पुढे, जागेवर परत, एक पाऊल मागे, जागेवर परत. खरं सांगायचं तर वरातीत बेभान नाचणाऱ्यांना सुरुवात जड जाते, कारण त्यांचे खांदे आधी सुटतात आणि पाऊल मागे राहतं. लेझीम खेळलेली, टाळ धरलेली, हलगी वाजवलेली माणसं लवकर पुढे जातात. त्यांचा कान तयार असतो.

१-२-३, ५-६-७ असं मोजता. ४ आणि ८ कुठे गेले?

तिथेच आहेत, फक्त त्यांच्यावर पाऊल नाही. साल्साचं आवर्तन आठ मात्रांचं. तीन पावलं, एक थांबा, पुन्हा तीन पावलं, एक थांबा. लीड करणारा, म्हणजे जोडीत चाल ठरवून नेणारा, १ ला डावं पाऊल पुढे टाकतो, २ ला उजव्यावर वजन, ३ ला डावं जागेवर. ४ ला थांबतो. ५ ला उजवं मागे, ६ ला डाव्यावर वजन, ७ ला उजवं जागेवर, ८ ला थांबतो. समोरची व्यक्ती आरशातल्यासारखं, १ ला उजवं मागे.

तबला थोडाफार ऐकला असेल तर केरवा आठवा: धा गे न ति, न क धि न. आठ मात्रा, पहिलीवर सम, पाचवीवर खाली. 'धा गे न' वर पावलं, 'ति' वर थांबा. 'न क धि' वर पावलं, शेवटच्या 'न' वर थांबा. केरव्याची चाल आणि साल्साची चाल एक नाही, पण मोजणीपुरता हा आधार सोलापुरातल्या भजनी मंडळींना पहिल्याच दिवशी पुरतो. हार्मोनियम वाजवणारे एक काका आहेत. त्यांना बेसिक समजवायला मला दोन वाक्यं लागली.

थांबा म्हणजे पुतळा होणं नव्हे. ४ वर शरीराचं वजन अजून सरकत असतं, ५ च्या पावलाची तयारी होत असते. नवशिके हीच जागा गिळतात आणि सहा पावलं सलग टाकून गाण्याच्या पुढे पळतात. साल्साची गाणी मिनिटाला साधारण १६० ते २२० ठोक्यांची, त्यामुळे घाई होणं साहजिक आहे. उपाय एकच, तोंडाने मोजा, मोठ्याने. कुठल्याही भाषेत. आमच्याकडे पूर्व भागातली दोन भावंडं येतात, ती तेलुगूत "ओकटी, रेंडू, मूडू... ऐदू, आरू, एडू" करतात. अक्कलकोट रोडच्या एक ताई कन्नडमध्ये "ओंदू, एरडू, मूरू". त्यांच्यासोबत मराठी एक-दोन-तीन, आणि मध्ये ४ ची शांतता. त्या एका मात्रेत सगळा हॉल गप्प होतो तो क्षण मला अजूनही फार आवडतो.

गाण्यातला 'एक' सापडतच नाही. काय करू?

सगळ्यांचं हेच होतं, आणि काहींचं सहा महिने होतं. एका वेळी एकच वाद्य ऐका. साल्सात काँगा, बाँगो, टिंबालेस ही चामड्याची तालवाद्यं, पियानो, बास, पितळी वाद्यं अशी गर्दी असते. पियानो एकच तुकडा फिरवून फिरवून वाजवतो. गाणं रंगात आलं की बाँगोवाला बाँगो सोडून घंटा हातात घेतो, गाईच्या गळ्यातल्यासारखी, आणि तिचे जोरकस ठोके १, ३, ५, ७ वर पडतात. तुमचा पाय त्या घंटेला बांधा.

मग क्लावे. दोन जाड लाकडी टिपऱ्या, एकमेकींवर आपटायच्या. आठ मात्रांत पाच ठोके. ३-२ क्लावेत पहिला १ वर, दुसरा २ आणि ३ च्या मध्ये, तिसरा ४ वर, मग ६ आणि ७ वर. २-३ मध्ये हीच उलट बाजू आधी येते. कित्येक गाण्यांत टिपऱ्या प्रत्यक्ष वाजतही नाहीत, पण बाकीची वाद्यं त्याच हिशोबाने चालतात. क्लावेवर टाळी देत घरात फिरा, भांडी घासताना द्या, भाजी निवडताना द्या. आठवड्याभरात हाताला कळतं, डोक्याला नंतर.

हात कसा धरायचा?

या पानावरचा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हा आहे, आणि हा फारसा कुणी विचारत नाही.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरातल्या सोशलला एका अनुभवी म्हणवणाऱ्या माणसाने माझा हात अंगठ्याने घट्ट दाबून धरला आणि टर्न द्यायला वर ओढला. माझं शरीर वळलं, हात वळला नाही. खांद्यात कळ आली. पुढचे तीन आठवडे मला दोरीवर कपडे वाळत घालता येत नव्हते. त्याला जाणीवही नव्हती, तो पुढच्या गाण्याला दुसरीसोबत उभा होता. आमच्या वर्गात पहिला महिना अंगठ्याचा वापर बंद आहे तो त्या दिवसामुळे.

लीड करणाऱ्याने बोटांचा हलका आकडा करायचा, समोरच्याने आपली बोटं त्यावर ठेवायची, अंगठा मोकळा. हात सुटावासा वाटला तर कधीही सुटला पाहिजे. टर्न देताना हात समोरच्याच्या डोक्याच्या बरोबर वर जातो आणि बोटं बोटांत फिरतात. छत्रीची दांडी मुठीत सैल धरून छत्री गरगर फिरवून बघा, नेमकं तसं. मूठ आवळली की छत्री थांबते आणि मनगट पिरगळतं.

जवळच्या पकडीत लीडचा उजवा हात समोरच्याच्या डाव्या खांद्याच्या पात्यावर असतो. कमरेवर नाही. दोघांमध्ये स्टीलचं एक ताट आडवं मावेल एवढं अंतर ठेवतो. त्याहून जवळ यायची साल्साला गरज पडत नाही.

आणि ओढ. ज्यांनी मंगळागौरीत फुगडी घातली आहे त्यांना हे शिकवावं लागत नाही. फुगडीत दोघी मागे झुकतात, दोघींची ओढ सारखी असते, म्हणून कुणी पडत नाही. एकीने हात ढिले सोडले तर दोघी आपटतात. साल्सात ओढ फुगडीच्या पाव भागही नाही, पण तत्त्व तेच, दोन्ही बाजूंनी सारखी आणि जिवंत. लीड हाताने ढकलत नाही, स्वतःचं वजन सरकवतो आणि हात तो निरोप पोचवतो. साठीच्या एक काकू पहिल्याच दिवशी सगळ्यांपेक्षा छान फॉलो करत होत्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "बस फुगडीत काय करायचे तेच केलं."

लीड पुरुषानेच करायचं का?

नाही. लीड आणि फॉलो ही कामं आहेत. बायका लीड करतात, पुरुष फॉलो शिकतात, आणि दोन्ही शिकलेला माणूस समोरच्याला त्रास देत नाही, कारण दुसऱ्या बाजूला काय लागतं ते त्याच्या अंगाला माहीत असतं. आमच्याकडे तिसऱ्या महिन्यात प्रत्येकाला एक आठवडा उलटी बाजू करावी लागते. पुरुषांची आधी कुरकुर असते. पहिल्या टर्नमध्ये कुणीतरी त्यांचा हात चुकीच्या बाजूला नेतो आणि कुरकुर थांबते.

जोडीदार नाही. एकट्याने आलं तर चालेल?

चालेल, बहुतेक जण एकटेच येतात. दर तीन-चार मिनिटांनी एक बाजू एक जागा पुढे सरकते आणि जोड्या बदलतात. नवरा-बायको मिळून आलात तरी बदलायला सांगतो. एकाच माणसासोबत शिकलं की त्याच्या चुका अंगवळणी पडतात. ज्यांना बदलायचं नाही ते एका कोपऱ्यात जोडी ठेवून शिकू शकतात, त्यात कमीपणा नाही. शिकणं थोडं हळू होतं एवढंच.

ऑन वन, ऑन टू, क्यूबन. काय निवडू?

ऑन वन मध्ये दिशा १ आणि ५ वर बदलते, ऑन टू मध्ये २ आणि ६ वर. ऑन वन लॉस एंजेलिस पद्धतीत रुळलेलं, ऑन टू न्यूयॉर्कचं. तिथे एडी टोरेस यांनी ते मोजणी बसवून शिकवण्याजोगं केलं. दोन्हींत जोडी एका सरळ पट्टीत पुढे-मागे नाचते. काँगाचा चटका २ वर पडतो, म्हणून ऑन टू वाल्यांना आपण ढोलावर चालतोय असं वाटतं. क्यूबन पद्धतीला कासिनो म्हणतात, तिच्यात जोडी एकमेकांभोवती गोल फिरते. तिचंच सामुदायिक रूप रुएदा. सगळ्या जोड्या रिंगणात, एक जण मोठ्याने नाव पुकारतो आणि सगळे एकदम तीच चाल करून जोडी बदलतात. "दामे!" म्हटलं की अख्खं रिंगण सरकतं. आपल्या लोकांना रिंगणाची सवय आहे, म्हणून मी रुएदा लवकर घेते. ती जमली की माणसं आपसात हसायला लागतात, आणि मग हात आपोआप सैल पडतात.

कोलंबियाच्या काली शहराची पद्धत वेगळीच, पायांचं झपाट्याचं काम. ती बघा जरूर, शिकायची घाई नको.

आम्ही ऑन वन ने सुरू करतो. बाकी वर्षभराने.

किती दिवसांत येईल?

आठवड्यातून दोनदा येऊन, घरी रोज एक-दोन गाणी बेसिक करून: एका महिन्यात बेसिक, राइट टर्न आणि क्रॉस बॉडी लीड. क्रॉस बॉडी लीडमध्ये लीड बाजूला होतो आणि समोरच्याला आपल्यासमोरून पलीकडे जायला वाट देतो. साल्सातल्या निम्म्या चाली याच वाटेवर उभ्या आहेत. एवढ्यावर सोशलला येता येतं. फॉलो करणारे आधी नाचायला लागतात आणि लीड करणाऱ्यांना पहिले चार-सहा महिने कठीण जातात, कारण त्यांना गाणं, पुढची चाल, जागा आणि समोरचा माणूस असं चारही एकदम सांभाळायचं असतं. पुष्कळ मुलगे तिसऱ्या महिन्यात सोडतात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की पाचव्या महिन्यापर्यंत थांबा.

यूट्यूबवरून शिकता येणार नाही का?

पावलं येतील, एकट्याने करायच्या शाइन्सही येतील. हाताची ओढ पडद्यातून येत नाही.

बूट कोणते?

नवीन विकत घेऊ नका. रबरी तळाचे स्पोर्ट्स शूज घालून मात्र टर्न घेऊ नका. तळ फरशीला चिकटतो, वरचं शरीर फिरतं आणि मुरगळतो तो गुडघा. चप्पल, कोल्हापुरीसुद्धा, नको, ती पायातून सुटते. आमच्या हॉलला घासून घासून गुळगुळीत झालेली शहाबादी फरशी आहे, तिच्यावर चामड्याचा तळ उत्तम सरकतो. जुने, घोट्याला घट्ट बसणारे बूट मोच्याकडे न्या आणि तळाला पातळ चामडं लावून घ्या. माझ्या नवऱ्याचे गेले चार वर्षं तेच आहेत. साल्साचे खास बूट मिळतात, तळाला स्वेड, म्हणजे लवदार चामडं, असतं, ते घालून बाहेर रस्त्यावर चालायचं नाही आणि अधूनमधून तारेच्या ब्रशने घासायचे. बायकांनी पहिले सहा महिने उंच टाचा टाळाव्यात. फरशीवर पावडर टाकायची नाही, एकाची सोय होते आणि दुसरा घसरतो.

कपडे? आणि उन्हाळ्यात कसं करता?

पँट, लेगिंग, कुर्ता, काहीही ज्यात पाऊल मोकळं पडेल. ओढणी बांधून किंवा काढून ठेवा, टर्नमध्ये ती दोघांच्या हातात अडकते. अंगठ्या, काचेच्या बांगड्या, मोठं घड्याळ काढा. लांब वेणी असेल तर आंबाडा घाला. वेणीचा फटका डोळ्यावर बसतो, मी खाल्ला आहे.

एप्रिल-मेमध्ये सोलापूर ४२-४३ अंशांवर जातं, तेव्हा वर्ग रात्री आठला सरकतो आणि दर दोन गाण्यांनंतर पाणी. घामाची लाज नको, घाम सगळ्यांनाच येतो. पण दोन टॉवेल आणि एक जास्तीचा सदरा आणणं हा समोरच्याचा मान आहे. टॉवेल आपल्या गावचेच आहेत, त्याबाबत सबब चालत नाही.

सोशलला काय होतं?

साडेसातला दार उघडतं. पहिला पाऊण तास नवीन लोकांसाठी शिकवणी, मग गाणी सुरू. दहाला स्पीकर बंद. दारू नाही. साल्साच्या गाण्यांमध्ये बचाटाची दोन-तीन गाणी येतात. बचाटा डोमिनिकन रिपब्लिकचा, तीन पावलं आणि चौथ्यावर टेकू, साल्साहून संथ. किझोम्बा, मूळ अंगोलाचा, आम्ही अजून लावत नाही. त्याची पकड अगदी जवळची, आणि त्यासाठी जो विश्वास लागतो तो आमच्या गटात हळूहळू येतो आहे. नाच संपल्यावर कुणीतरी कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणलेली असते. ती खाल्ल्याशिवाय सहसा कुणी हलत नाही.

नाचायला कसं विचारायचं? समोरून नाही आलं तर?

समोर जा, डोळ्यांत बघा, "नाचायचं का?" म्हणा आणि तळहात वर करून हात पुढे करा. मनगट धरून उठवायचं नाही. बाईने पुरुषाला, लहानाने मोठ्याला, नवीन माणसाने जुन्याला, कुणीही कुणालाही विचारावं. नवीन माणसं भिंतीला टेकून दोन तास काढतात हे मला बघवत नाही, म्हणून आम्ही जुन्या मंडळींना सांगून ठेवलंय की संध्याकाळची पहिली तीन गाणी नवख्यांसोबत.

"नाही" हे पूर्ण उत्तर आहे. कारण मागायचं नाही, तोंड पाडायचं नाही, त्याच गाण्याला पुन्हा विचारायचं नाही. बऱ्याच ठिकाणी असा संकेत आहे की एकाला नाही म्हटलं तर ते गाणं बसून काढावं. मला तो पटत नाही. ज्याच्यासोबत नाचायची भीती वाटते त्याला टाळण्यासाठी एखादीने आवडतं गाणं का सोडावं? आमच्याकडे तो संकेत पाळत नाही.

एक किंवा दोन गाणी, मग आभार मानून जोडीदाराला त्याच्या जागेपर्यंत सोडायचं. प्रेमात पडायला आलात का, असंही काही जण विचारतात. दोघांची ओळख झाली, पुढे काही झालं, तर आनंदच आहे. पण नाचायला हो म्हणणं म्हणजे फोन नंबर द्यायला हो म्हणणं नाही.

नाचताना चुकलं तर?

हसा, बेसिकवर या, पुढे चला. समोरच्याची चूक फ्लोअरवर सुधारायला जाऊ नका, विचारलं तरी गाणं संपल्यावर बोला. मात्र दुखत असेल तर लगेच, गाण्याच्या मध्यातच सांगा.

गर्दीत पावलं लहान, कोपर आत. क्रॉस बॉडी लीड देण्याआधी लीडने मागची जागा बघायची. जोडीदाराला उचलणं, मागे वाकवणं सोशलला बंद. धक्का लागला तर चूक कुणाचीही असो, दोघांनी हात वर करून माफी मागायची.

कुणी गैर वागलं तर?

गाणं संपायची वाट बघू नका. हात सोडा आणि तिथून निघा, नंतर काही समजावून सांगायची गरज नाही. मला किंवा माझ्या नवऱ्याला सांगा. आम्ही "तुला तसं वाटलं असेल" असं म्हणणार नाही. आजवर दोघांना आम्ही कायमचं यायला बंदी केली आहे, त्यातला एक चांगला नाचणारा होता. चांगला नाचतो म्हणून कुणाला सूट मिळाली, तर आधी बायका येणं बंद करतात आणि मग तो नाचही उरत नाही.

माझं वय ५२ आहे. गुडघे दुखतात.

या. पावलं लहान ठेवा, टर्न कमी घ्या, उड्या साल्सात नाहीतच. गुडघ्याचं किंवा हृदयाचं दुखणं असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा आणि आम्हालाही सांगून ठेवा. एसटीतून निवृत्त झालेले एक काका आमच्याकडे चार वर्षं येतात. ते फक्त तीन चाली करतात, पण त्या गाण्यावर बरोबर बसतात, आणि सोशलला त्यांच्यासोबत नाचायला सगळ्यांत जास्त बायका थांबलेल्या असतात.

पुण्याच्या सोशलला जाऊ का?

वर्षातून दोन-तीनदा जरूर जा. अडीचशे किलोमीटर आहे, आणि हुतात्मा एक्स्प्रेस पुण्याहून संध्याकाळीच परत निघते, म्हणजे सोशल सुरू व्हायच्या आत. त्यामुळे मुक्कामाचं बघा किंवा चार-पाच जण मिळून गाडी करा. तिथे गर्दी मोठी, वेग जास्त, आणि तुम्हाला कुणी ओळखत नाही. पहिल्या अर्ध्या तासात आपण काहीच शिकलो नाही असं वाटतं. मग कुणीतरी विचारतं, तुम्ही बेसिक सुरू करता आणि समोरचा अनोळखी माणूस त्याच १-२-३ वर असतो.

हिंदी-मराठी गाण्यांवर साल्सा होतो का?

चार-चारच्या ठेक्याच्या गाण्यावर पावलं बसतात, आणि घरच्या कार्यक्रमात नाचायला मजा येते. पण त्यात क्लावे नसते, काँगाचं बोलणं नसतं. शिकताना साल्सावरच शिका.

फी आणि वेळ?

महिन्याची फी साध्या व्यायामशाळेएवढी. विद्यार्थ्यांना निम्मी. पहिला तास फुकट. मंगळवार आणि गुरुवार, संध्याकाळी साडेसात. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, आठवड्यात वर्ग बंद, तेव्हा आम्हीही यात्रेत असतो.

पहिल्या दिवशी काय आणायचं?

पाण्याची बाटली, टॉवेल, बूट. दहा मिनिटं आधी या. हॉल मंगल कार्यालयाचा आहे, गाडी दारात लावू नका, मागच्या गल्लीत लावा. लग्नाचा मुहूर्त असेल त्या दिवशी खाली मांडव असतो आणि आम्ही गच्चीवर. जिन्याने सरळ वर या, घंटेचा आवाज ऐकू येईल.